हवाई कुरिअरच्या बिलाचे विश्लेषण कसे करावे

ठिबकचे सुटे भाग असोत, चटईचे नमुने असोत की यंत्राचा एखादा तातडीचा पार्ट, जळगाव आणि धुळ्याच्या एमआयडीसीतून बराच माल एक्सप्रेस कुरिअरने विमानमार्गे जातो. महिनाअखेरीस बिल वाढलेले दिसते, पण दर वाढला, वजन वाढले की माल दूरच्या गावांना जास्त गेला, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. पॉवर बीआय हे विश्लेषणाचे सॉफ्टवेअर किंवा एक्सेलमधील पिव्होट टेबल (माहितीचा गटवार सारांश काढणारी सोय) वापरून ही कारणे वेगळी काढता येतात.

प्रथम प्रत्येक एअर वेबिलसाठी (पार्सलच्या हवाई पावतीसाठी) एक ओळ असलेला तक्ता तयार करावा. त्यात बुकिंगची तारीख, पिन कोड, खोक्याची लांबी-रुंदी-उंची, आपल्या काट्यावरचे वजन आणि बिलात आकारलेले वजन हे रकाने असावेत. मूळ भाडे, इंधन अधिभार आणि दुर्गम भागासाठीचे जादा शुल्क हेही स्वतंत्र रकान्यांत घ्यावेत, कारण एकत्र बेरजेत ते लपून जातात. इनपुट टॅक्स क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत असल्यास जीएसटी खर्चात धरू नये. इंधन अधिभाराची टक्केवारी बदलत राहते, म्हणून ती बिलाच्या नव्हे, बुकिंगच्या तारखेशी जुळवावी.

माझ्या मते सर्वाधिक लक्ष वजनाकडे द्यायला हवे. एक्सप्रेस कंपन्या बहुधा घन सेंटिमीटरमधील आकारमानाला 5000 ने भागतात, तर सर्वसाधारण हवाई मालवाहतुकीत 6000 ने भागण्याची पद्धत आहे. या भागाकारातून किलोत येणारे वजन आणि प्रत्यक्ष वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर भाडे लागते. 60 × 40 × 40 सेंटिमीटरच्या खोक्यात 9 किलो माल असला, तरी 5000 च्या हिशेबाने वजन 19.2 किलो येते आणि पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत नेले की 19.5 किलोचे भाडे भरावे लागते. तोच माल 30 सेंटिमीटर उंचीच्या खोक्यात बसला, तर आकारणी 14.5 किलोवर येते. म्हणून आकारलेले वजन भागिले प्रत्यक्ष वजन असे गुणोत्तर मांडून ते खोक्याच्या प्रकारानुसार पाहावे. आकारलेल्या किलोमागचा खर्च मात्र फसवा असतो. खोके अर्धे रिकामे असले तरी तो आकडा छानच दिसतो. खर्चाला नेहमी प्रत्यक्ष किलोने भागावे.

त्यानंतर विमानाची गरज होती का, हे तपासावे. धुळ्यावरून मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन्ही महामार्ग जातात. सुरत किंवा इंदूरचे पार्सल रात्रीच्या गाडीने सकाळी पोहोचू शकत असेल, तर हवाई दर देण्यात अर्थ नाही. बुकिंग आणि पोहोच या दोन्ही तारखांचे वार रकान्यात घेतल्यास शुक्रवारी संध्याकाळी एक्सप्रेस दराने निघून सोमवारी उघडलेली पार्सले लगेच नजरेत येतात. ‘तातडीचे कारण’ हा रकाना डिस्पॅच विभागाने बुकिंगच्या वेळीच भरावा. नंतर आठवून लिहिलेल्या कारणांवर विश्वास ठेवता येत नाही.

शेवटी करारातील दरपत्रक तक्त्याला जोडून प्रत्येक वेबिलचे अपेक्षित भाडे काढावे आणि प्रत्यक्ष आकारणीशी ताडून पाहावे. हा अहवाल आठवड्याला काढणे चांगले, कारण वजनाविषयीची हरकत करारात ठरलेल्या मुदतीतच घेता येते आणि त्यासाठी पॅकिंगच्या वेळचा काट्यासह काढलेला फोटो हाताशी असावा लागतो.