जुना पाम लिनक्सला जोडायचा तर आधी बटण दाबा

कपाटात जुना पाम एम५०५ (पत्ते-तारखा ठेवायचा हातात मावणारा छोटा डायरी-कॉम्प्युटर) पडून असेल आणि आतले पत्ते, तारखा लिनक्सवर घ्यायच्या असतील तर जे-पायलट (पामचा डेटा बघायचा प्रोग्रॅम) टाका, सोबत पामशी बोलणारं पायलट-लिंकही लागतं. क्रेडल (पाम ठेवायचा स्टँड) यूएसबीला लावली की लगेच काही दिसत नाही, इथेच बरेच जण गंडतात (मी पण अख्खी संध्याकाळ केबल बदलत बसलेलो), कारण क्रेडलवरचं हॉटसिंकचं (म्हणजे डेटा जुळवायचं) बटण दाबल्याशिवाय पाम कॉम्प्युटरला ओळखच देत नाही. बटण दाबलं की लिनक्सच्या कर्नलमधलं (म्हणजे गाभ्यातलं) व्हायझर नावाचं पामचं ड्रायव्हर मॉड्यूल दोन पोर्ट उघडतं, टीटीवाय-यूएसबी शून्य आणि एक, त्यातला बहुतेक वेळा एक नंबरचाच कामाचा, तोच जे-पायलटच्या प्रेफरन्सेसमध्ये (सेटिंगमध्ये) भरा. म्हणजे क्रम असा, आधी बटण, दोन सेकंद थांबा, मग कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर जे-पायलटमधलं सिंक, उशीर केलात तर पाम कंटाळून कनेक्शन तोडतो. परमिशनची एरर आली तर डेबियनवाल्यांनी (डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार) स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये, म्हणजे असे पोर्ट वापरायची मुभा असलेल्या गटात, टाकून परत लॉगिन करायचं, उगाच रूटने (सगळे अधिकार असलेल्या खात्यावरून) चालवू नका. आणि हो, पहिल्यांदा सिंक नको, बॅकअपच घ्या, कारण पामची बॅटरी पूर्ण उतरली की आतलं सगळं साफ होतं!