मुरुमातून भाजी: परसात वाफे करायचे तर

रो-हाऊसच्या मागची जागा बागेसाठी म्हणून सोडलेली असते असं कागदावर असतं, प्रत्यक्षात ती बांधकामाची कचराकुंडी असते. तळेगावला आमच्या घरामागे १५ बाय २० फूट मोकळं आहे, वर मस्त मुरूम पसरून दिलेला, आणि टिकाव मारला तर चार इंचांखाली विटांचे तुकडे, प्लास्टरच्या खपल्या, सिमेंटच्या फाटक्या गोण्या आणि एक अख्खी चप्पल. मी पहिल्या वर्षी शहाणपणा केला तो असा की ट्रॉलीभर लाल माती विकत आणली, वरच्यावर पसरली आणि टोमॅटो लावून मोकळा झालो. टोमॅटो सुपारीएवढे आले. मातीसोबत लव्हाळा, हे गाठींवर वाढणारं चिवट तण, मात्र फुकट आला आणि तो अजूनही मुक्कामाला आहे.

म्हणून पहिलंच सांगतो, विकतची माती आणू नका. तेवढेच पैसे शेणखतात घाला, आणि जी माती आहे तीच सुधारा, एक पावसाळा जातो पण होतं.

आधी आपल्याकडे काय आहे ते बघा. एक फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते जिरलं की परत भरा आणि आता घड्याळ लावा. पाच-दहा मिनिटांत गायब झालं तर मुरूम, पाणी धरतच नाही. सकाळी भरलेलं रात्रीपर्यंत तसंच असेल तर खाली चिकण काळी माती आहे नाहीतर जेसीबी फिरून फिरून जमीन दाबली गेलीये. दुसरी गंमत बरणीची, एक तृतीयांश माती, बाकी पाणी, जोरात हलवून ठेवून द्या, वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा, म्हणजे वाळू आणि चिकण मातीच्या मधले बारीक कण, दोन-चार तासांत, चिकण माती बसायला मात्र एक-दोन दिवस लागतात. थर डोळ्यांनी दिसतात. आणि जमलं तर माती तपासून घ्या, जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात होते. नमुना घेताना वरचा कचरा बाजूला सारून ६-८ इंच खोल, चार-पाच ठिकाणची माती घ्यायची, एकत्र करायची, त्यातली अर्धा किलो द्यायची. नुकतंच खत टाकलंय तिथली घेऊ नका, रिपोर्ट उगाच गोड येतो.

काळ्या मातीवाल्यांनी एक करू नका, ती मोकळी व्हावी म्हणून दोन घमेली वाळू टाकू नका. थोड्या वाळूने ती मोकळी होत नाही, उलट सुकल्यावर विटेसारखी होते. आणि चुलीची राख, अंड्याची टरफलं वगैरे कोकणातल्या आंबट लाल मातीत ठीक, आपल्या देशावरच्या जमिनीत चुना आधीच भरपूर असतो, त्यात प्लास्टरचा मलबा म्हणजे आणखी चुना. पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसलं तर बहुतेक तेच, मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही.

आता वाफा. जागा अशी निवडा जिथे निदान सहा तास ऊन येतं, कंपाउंडच्या भिंतीची सावली हिवाळ्यात लांब पडते हे आत्ताच मोजून ठेवा. रुंदी ३ ते साडेतीन फूट, जास्त नाही, कारण दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे आणि वाफ्यात पाय अजिबात ठेवायचा नाही, सगळा खटाटोप माती भुसभुशीत राहावी म्हणूनच चाललाय ना. मधे दीड फूट वाट. पावसाळ्यासाठी गादी वाफा, म्हणजे जमिनीपासून ८-१० इंच उंच. मी कडेला जुन्या शहाबादी फरशीचे तुकडे उभे गाडले, विटा लावल्या तरी चालतात.

उंच करायच्या आधी खालची जमीन टिकावाने फूटभर मोकळी करा आणि मलबा वेचून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, कंबर धरते, पण ते टाळलं तर वरचं सगळं फुकट जातं.

मग भरणं. हिशोब असा की १० फूट लांब, ३ फूट रुंद, आणि वाफा नंतर बसतो म्हणून फूटभर उंच भरायचं तर ३० घनफूट लागतं, म्हणजे ब्रासचा (१०० घनफूट) जेमतेम तिसरा हिस्सा. तळाला वाळका पालापाचोळा, रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं (तो आनंदाने देतो, त्याला टाकायचीच असतात), त्यावर शेणखत, मग तुमचीच चाळलेली माती, परत पाला, असे थर. चिपाडं कुजताना मातीतला नत्र खातात, म्हणून शेणखत सढळ हाताने. पण ते पूर्ण कुजलेलं हवं, काळं, हातात चुरा होणारं, वास नसलेलं. गोठेवाल्याला सांगायचं, उकिरड्याच्या तळाचं द्या. कच्चं शेण टाकलं की हुमणी (मुळं खाणारी पांढरी अळी) आणि वाळवी ठरलेली.

थर ओले करायला मी अमृतजल वापरतो, शेतीत प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराच्या पद्धतीतलं: १० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस सावलीत, रोज ढवळायचं आणि दहापट पाण्यात मिसळून शिंपडायचं. शेजारी विचारतात वास कसला, सांगायचं होमिओपॅथी चालू आहे.

हे सगळं मे महिन्यात उरका. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसावर वाफ्यात भाजी नाही, हिरवळीचं खत म्हणून ताग फेका, एका वाफ्याला मूठभर बी पुरतं. सव्वा-दीड महिन्यात कमरेच्या वर जातो, पिवळी फुलं दिसायला लागली की कापायचा, बारीक तुकडे करून तिथेच मातीत दाबायचा. उशीर केलात तर देठ दोरीसारखे होतात, शेवटी त्याच्या दोऱ्याच वळतात. मग तीन आठवडे गप्प बसायचं, हे मला सगळ्यात अवघड गेलं, बायको रोज विचारायची की भाजी कधी.

ऑगस्टअखेर मेथी, चवळी, मुळा टाका. टोमॅटो-वांग्याची रोपं सप्टेंबरात. गाजराचा नाद पहिल्या वर्षी नको, एखादा खडा लागला की त्याला दोन पाय फुटतात. रोपांभोवती दोन-तीन इंच पाल्याचं आच्छादन, खोडाला चिकटू न देता. वाफा वर्षभरात चांगलाच खाली बसेल, घाबरू नका, आतलं कुजतंय म्हणून बसतोय, वरून परत शेणखत आणि पाला भरायचा.

लव्हाळ्याचं राहिलं. पुठ्ठे अंथरून तो मरत नाही, पुठ्ठ्याला भोक पाडून सुईसारखा वर येतो. नुसता उपटला तर गाठ खालीच राहते. ओल असताना खुरप्याने गाठीसकट काढायचा आणि त्या गाठी कंपोस्टमध्ये न टाकता कडक उन्हात फरशीवर वाळवायच्या. मी दर रविवारी चहा घेऊन बसतो आणि अर्धी बादली काढतो, गेल्या वर्षी पूर्ण बादली निघायची.