नोट्स ॲपमधल्या एआय एजंटसाठी टूलचं वर्णन कसं लिहावं

एजंट म्हणजे वापरकर्त्याच्या सांगण्यावरून स्वतः कामं करणारं एआय, आणि टूल म्हणजे त्यासाठी त्याला चालवता येणारं तुमच्या ॲपमधलं फंक्शन. एजंटला तुमचा कोड दिसत नाही. त्याच्यापुढे येतं ते टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा, म्हणजे कोणती माहिती कोणत्या स्वरूपात भरायची याचा आराखडा. कोणतं टूल केव्हा वापरायचं आणि त्यात काय भरायचं, हे त्याला तेवढ्यावरूनच ठरवावं लागतं. तुम्ही ‘नोट अपडेट करते’ एवढंच लिहून सोडलंत, तर उरलेलं तो अंदाजाने भरतो. नोट्सच्या ॲपमध्ये असा अंदाज चुकला की वापरकर्त्याचा मजकूरच जातो.

म्हणून सुरुवात सर्वात धोक्याच्या टूलपासून करा. समजा, अपडेट_नोट हे टूल जुना मजकूर काढून त्या जागी नवा ठेवतं. वापरकर्ता म्हणतो, ‘प्रवासाच्या यादीत चार्जर टाक.’ एजंट मजकूर म्हणून ‘चार्जर’ एवढाच शब्द पाठवतो आणि अख्खी यादी पुसली जाते. लॉगमध्ये एकही एरर नसते, कारण टूलने सांगितलं तेच केलं. त्याचं वर्णन असं हवं:

‘दिलेल्या आयडीच्या नोटचा पूर्ण मजकूर काढून नवा ठेवते. जुना मजकूर परत मिळत नाही. फक्त भर घालायची असेल तर हे वापरू नका, अपेंड_टू_नोट वापरा. आधी गेट_नोटने सध्याचा मजकूर वाचा आणि त्यातलं जे राहायला हवं ते नव्या मजकुरात घ्या. शीर्षक आणि टॅग बदलत नाहीत.’

यात काम, परिणाम, कधी वापरायचं नाही आणि त्याऐवजी काय वापरायचं, हे सगळं आलं. बहुतेक वर्णनांत शेवटचे दोन मुद्देच गळतात. शक्य असेल तर नावही रिप्लेस_नोट_बॉडी असं करा. नावातच इशारा असला की वर्णनावरचा भार हलका होतो. तरीही केवळ वर्णनाच्या भरवशावर राहू नका. एजंटने वाचलेली आवृत्ती आणि सर्व्हरवरची आवृत्ती वेगळी असेल तर बदल नाकारणं, हे कोडचंच काम आहे.

यानंतर शोधाचं टूल. इथे दोन गोष्टी हटकून राहून जातात. पहिली म्हणजे, शोध जुळवतो कसा? शब्दावर चालत असेल तर तसं स्पष्ट लिहा: ‘एक ते तीन महत्त्वाचे शब्द द्या, पूर्ण प्रश्न देऊ नका.’ नाहीतर ‘मागच्या बैठकीत बजेटबद्दल काय ठरलं’ हे अख्खं वाक्य शोधात जातं, हाती शून्य लागतं आणि एजंट वापरकर्त्याला बिनदिक्कत सांगतो की अशी नोटच नाही. पूर्ण शब्दच जुळत असेल तर मराठीत आणखी पंचाईत: ‘बैठक’ शोधून ‘बैठकीत’ सापडत नाही. तेव्हा ‘काही न मिळाल्यास शब्दाची इतर रूपं वापरून पाहा’ ही ओळ जोडा. दुसरी म्हणजे, परत काय येतं? फक्त शीर्षक, आयडी आणि पहिली २०० अक्षरं येत असतील तर ते सांगा, नाहीतर एजंट त्या तुकड्यावरूनच नोटचा सारांश ठोकून देतो. एका वेळी किती निकाल येतात आणि पुढचे कसे मागायचे, हेही लिहा.

पॅरामीटरचं, म्हणजे टूलमध्ये भरायच्या प्रत्येक माहितीचं, वर्णन वेगळं लिहावं लागतं. नोट_आयडीपुढे ‘नोटचा आयडी’ लिहून काहीच कळत नाही. ‘सर्च_नोट्स किंवा लिस्ट_नोट्सच्या निकालातून घ्या, शीर्षक चालत नाही, स्वतः बनवू नका’ असं लिहा. तारखेला नमुना द्या: २०२५-०४-०३. तिरप्या रेघांनी लिहिलेली ०३/०४ ही मार्च की एप्रिल, यावर वाद होऊ शकतो. टाइमझोन कोणता आणि ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ म्हटल्यावर शेवटची तारीख धरली जाते की नाही, तेही नोंदवा. ठरावीक पर्याय असतील तर वाक्यात न सांगता स्कीमातच ईनम, म्हणजे चालणाऱ्या पर्यायांची बंदिस्त यादी, द्या. फील्ड वगळलं तर जुनं राहतं आणि रिकामं पाठवलं तर पुसलं जातं, असा फरक असेल तर तो लिहायलाच हवा.

तुमची टूल्स एमसीपी (एआय ॲप्सना टूल्स जोडण्याची एक खुली पद्धत) सर्व्हरवर असतील तर रीडओन्लीहिंट (टूल फक्त वाचतं) आणि डिस्ट्रक्टिव्हहिंट (टूल काही पुसू शकतं) या खुणा भरा. पण त्या क्लायंटसाठीच्या, म्हणजे एजंट ज्या ॲपमध्ये चालतो त्याच्यासाठीच्या, सूचना आहेत. एजंटमागच्या भाषा-मॉडेलपर्यंत त्या पोचतीलच असं नाही, म्हणून ‘पुसते’ हे वर्णनातही हवंच.

लांबी साधारण तीन ते सहा वाक्यं. टूलची वर्णनं सहसा प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातात आणि टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) खातात. ‘अत्यंत महत्त्वाचे, नेहमी वापरा’ असला आरडाओरडा टाळा. त्याने टूल नको तिथेही चालवलं जातं.

एरर हाही वर्णनाचाच भाग समजा. नुसत्या ‘४०४’ या एरर-क्रमांकाऐवजी ‘या आयडीची नोट नाही, सर्च_नोट्सने आयडी पुन्हा मिळवा’ असा मजकूर पाठवला की एजंट पुढचं पाऊल नीट टाकतो.

तपासणीसाठी वापरकर्ते बोलतात तशा वीसेक विनंत्या लिहा. काही मुद्दाम संदिग्ध ठेवा, तर काही अशा की ज्यांत एकही टूल लागू नये. उत्तर कसं आलं ते तूर्त बाजूला ठेवून कोणतं टूल चाललं आणि त्यात काय भरलं गेलं तेवढंच पाहा. चूक दिसली तर निवडलेलं टूल आणि निवडायला हवं होतं ते टूल, दोघांचीही वर्णनं शेजारी ठेवून वाचा. दोष बहुधा त्यांच्या सीमारेषेवर असतो. एका वेळी एकच वर्णन बदला आणि सगळ्या विनंत्या पुन्हा चालवा, कारण एका टूलची भाषा बदलली की शेजारच्या टूलची निवडही हलते. डिलीट केलेली नोट आधी कायमची जात होती आणि आता ट्रॅशमध्ये जाते, असा बदल कोडमध्ये झाला तर वर्णनातला बदलही त्याच कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या त्याच नोंदीत, करा.