एकटी आई, लहान पोरगा आणि नवा माणूस: सांगलीत कसं जमवायचं

आधी नोकरी. कुपवाड एमआयडीसीत असाल आणि कंपनीत ५० किंवा जास्त लोक असतील तर पाळणाघराची सोय द्यायलाच लागते, २०१७ पासून कायदाच आहे तसा, दिवसातनं ४ वेळा पोराला बघून यायची मुभा पण आहे, एचआरला बिनधास्त विचारा, आपणहून कोण सांगत नाही.

आता तो. पोराशी भेट घालायची घाई नको, आधी तुमचं तुम्हाला पक्कं कळू दे. मग पहिल्यांदा घरी न बोलवता रविवारी सकाळी आमराई बागेत भेटा, भडंगचा पुडा फोडा, तो नुसता आईचा मित्र, पप्पा म्हण वगैरे अजिबात नाही. पोरानं भडंगातले शेंगदाणे वेचून स्वतःहून त्याच्या हातावर ठेवले तर बरं चाललंय, तुम्हाला चिकटूनच बसला तर अर्ध्या तासात घरी चला. त्यावर त्या माणसानं तोंड वाकडं केलं तर तेही कळलंच की!

शेजारच्या काकू विचारणारच, कोण गं तो? ओळखीचे आहेत म्हणायचं, पुढं चालायचं. पण पोराला "आजीला सांगू नको हां" असलं मुळीच शिकवू नका.

घटस्फोट झाला असेल तर अपिलाची मुदत संपेपर्यंत लग्नाची तारीख धरू नका, वकिलाला विचारून घ्या.