ऑफ-रोड ट्रकसाठी स्टिअरिंग बॉक्स कसा निवडावा आणि मजबूत कसा करावा

स्टिअरिंग बॉक्स म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकं वळवणाऱ्या जोरात बदलणारी, चेसिसला बोल्टने बसवलेली गिअरची पेटी. नवा बॉक्स घेण्याआधी दहा मिनिटांचं एक काम करा. ट्रक सपाट जागी उभा करा, मागच्या चाकांना उटी लावा, हँडब्रेक ओढा आणि इंजिन चालू ठेवा. एकाला स्टिअरिंगवर बसवून ते थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं सतत हलवायला सांगा. तुम्ही पुढच्या चाकाच्या कमानीतून टॉर्च मारून बॉक्स चेसिसला जिथे बसलाय, तिथे बघत राहा. बोटं, बाही किंवा कपडा हलत्या भागांजवळ जाऊ देऊ नका. मोठे टायर घातलेल्या बऱ्याच ट्रकांत इथे चेसिसचा पत्रा आत-बाहेर होताना चक्क डोळ्यांना दिसतो.

माझ्या ट्रकमध्ये बॉक्सच्या मागच्या खालच्या बोल्टपासून केसाएवढी तांबूस रेघ निघाली होती. चिखलाचा ओघळ समजून मी ती दोनदा पुसली. तिसऱ्यांदा वायर ब्रशने घासली तेव्हा कळलं, की तो तडा आहे आणि तांबूस दिसतो तो आतून बाहेर आलेला गंज. त्या ट्रकला मी कितीही महागडा बॉक्स लावला असता, तरी तो त्याच फाटक्या पत्र्यावर लटकला असता. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी बॉक्सची बैठक, मग त्याच्यावरचा भार, आणि सर्वांत शेवटी बॉक्स.

बॉक्सच्या आत काय चालतं

बहुतेक ऑफ-रोड ट्रकांत रिसर्क्युलेटिंग बॉल प्रकारचा बॉक्स असतो. स्टिअरिंगचा शाफ्ट एक वर्म, म्हणजे आट्यांचा दांडा, फिरवतो, वर्मवर छोट्या पोलादी गोळ्यांवरून एक नट पुढे-मागे सरकतो, आणि त्या नटचे दात सेक्टर शाफ्टला फिरवतात. सेक्टर शाफ्टच्या खालच्या टोकाला पिटमन आर्म असतो, तो ड्रॅग लिंक नावाच्या दांड्याने चाकांना ओढतो-ढकलतो. पॉवर स्टिअरिंगमध्ये हाच नट पिस्टनचंही काम करतो आणि ऑइलचा दाब त्याला ढकलतो.

दगडाला अडकलेलं चाक स्टिअरिंगने ओढायला गेलात, की हा सगळा जोर शेवटी सेक्टर शाफ्टला पिळतो. पिटमन आर्म काढल्यावर शाफ्टवरचे दात नीट निरखा. ते सरळ उभे हवेत. दोरखंडाच्या पिळासारखे तिरके गेलेले दिसले तर तो शाफ्ट पुन्हा वापरू नका, तो तुटण्याच्या वाटेवर आहे.

निवड

सगळ्यात आधी दिशा ठरवा. जुन्या सॉलिड अॅक्सल (दोन्ही चाकं एकाच अखंड आसावर असलेल्या) ट्रकांत पिटमन आर्म पुढे-मागे हलतो आणि ड्रॅग लिंक चेसिसला समांतर जाते. ट्रक उंच केला की अशी लिंक तिरकी होते, आणि सस्पेन्शन खाली-वर झालं की स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं. त्यावर क्रॉसओव्हर हा चांगला उपाय आहे: आर्म डावी-उजवीकडे हलणारा बॉक्स चेसिसच्या बाहेरच्या अंगाला बसवायचा आणि ड्रॅग लिंक थेट पलीकडच्या नकलपर्यंत (चाक ज्यावर वळतं त्या भागापर्यंत) न्यायची. पुढच्या अॅक्सलला पॅनहार्ड रॉड (अॅक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) असेल तर ड्रॅग लिंक त्याला समांतर आणि शक्यतो तेवढ्याच लांबीची ठेवा. हे जमलं नाही तर बॉक्स कितीही भारी असो, खड्ड्यात गाडी बाजूला ओढणारच.

मग रेशो बघा, म्हणजे सेक्टर शाफ्टच्या एका फेऱ्यासाठी स्टिअरिंगचे किती फेरे लागतात. सेक्टर शाफ्ट एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत साधारण ९० अंश फिरतो. १६:१ रेशोचा बॉक्स असेल तर स्टिअरिंगचे चार फेरे होतात, १२.७:१ असेल तर सव्वातीनच्या आसपास. वेगात चालवायच्या ट्रकला जलद रेशो आवडतो. दगडांतून हळू चालणाऱ्या जड ट्रकला मी १६:१ च्या जवळचा, आणि तोही स्थिर रेशोचा बॉक्स घेईन. व्हेरिएबल रेशोचा बॉक्स टोकाकडे जलद होत जातो, म्हणजे चाक पूर्ण वळलेलं असताना, जोर सर्वांत जास्त लागतो तेव्हाच, त्याचा जोर कमी पडतो.

चार बोल्टचा बॉक्स मिळत असेल तर तीन बोल्टच्या मागे लागू नका. इनपुट शाफ्टचे (स्टिअरिंगचा शाफ्ट जिथे जोडतो त्या टोकाचे) दात मोजून घ्या. पाऊण इंच जाडीचे शाफ्ट ३० दाती आणि ३६ दाती असे दोन्ही येतात, आणि नुसत्या नजरेला फरक कळत नाही. जुना बॉक्स घेत असाल तर सेक्टर शाफ्ट हाताने वर-खाली आणि आडवा हलवून पाहा. आडवा हलला तर आतलं बेअरिंग किंवा त्याची बैठक गेली आहे, आणि नुसतं सील बदलून तो सुधारणार नाही.

पिटमन आर्म उगाच लांब घेऊ नका. ड्रॅग लिंकमध्ये ६०० किलोचा जोर आहे असं धरा. १५० मिलिमीटरच्या आर्मने सेक्टर शाफ्टवर ९० किलो-मीटर पीळ येतो, १८० मिलिमीटरच्या आर्मने १०८. खाली वाकवलेला ड्रॉप आर्मही मला आवडत नाही. तो शाफ्टला नुसता पिळत नाही, वाकवतोही.

बैठक

या कामाला घाई करू नका, सगळी मजबुती इथेच आहे.

बॉक्स उतरवा. तो जागेवर ठेवून वेल्डिंग केलंत तर उष्णतेने सील जळतील. बॅटरीच्या वायरी काढा. रंग आणि गंज पांढऱ्या धातूपर्यंत घासा आणि तड्याची टोकं शोधा. डाय पेनिट्रंटचा (तड्यात शिरणाऱ्या रंगाचा) फवारा मारला तर डोळ्यांना न दिसणारं टोकही लाल उमटतं. प्रत्येक टोकाला साधारण ५ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढे सरकणार नाही. मग ग्राइंडरने तड्याची व्ही खाच करून ती पूर्ण खोलीपर्यंत वेल्डने भरा आणि घासून सपाट करा.

त्यावर ५ ते ६ मिलिमीटरची माइल्ड स्टीलची प्लेट बसवा. प्लेट बॉक्सच्या पुढे-मागे चांगली वीतभर जाऊ द्या आणि तिची टोकं उभी सरळ न कापता माशाच्या तोंडासारखी किंवा तिरकी कापा. चेसिसला आडवी, सरळ उभी वेल्ड घातली की चेसिस पुढे नेमकी त्याच रेघेवर तुटते.

आता नळ्या. चेसिसच्या पोकळ पेटीला बोल्ट आवळला की दोन्ही बाजूंचे पत्रे आत दबतात, मग बोल्ट कधीच खरा ताणला जात नाही आणि सैल होत राहतो. म्हणून प्रत्येक बोल्टसाठी आरपार भोक पाडून जाड भिंतीची नळी घाला आणि दोन्ही तोंडांना वेल्ड करून घासा. बोल्ट नळीतून जाईल आणि आवळलेला सगळा जोर नळी पेलेल. चेसिस उघडी सी आकाराची असेल तर आधी आतून प्लेट लावून ती पेटी करून घ्या. बोल्ट ग्रेड ८ किंवा १०.९ या जास्त ताकदीच्या दर्जाचे, नवे. टॉर्क पाना वापरून सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा.

चेसिसच्या दोन्ही बाजू जोडणारी आडवी नळीही घाला, बॉक्सच्या शक्य तितक्या जवळ. पुढचा टप्पा सेक्टर शाफ्टच्या ब्रेसचा. पिटमन आर्मच्या नटऐवजी लांब शेपटीचा नट लावायचा आणि ती शेपटी चेसिसला धरलेल्या बेअरिंगमध्ये बसवायची, म्हणजे शाफ्टला दोन्हीकडून आधार मिळतो. बेअरिंग शाफ्टच्या रेषेत अगदी तंतोतंत हवं. बोल्ट सैल ठेवून स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा, बेअरिंगला स्वतःची जागा घेऊ द्या आणि मगच आवळा.

भार हलका करणं

३७ इंची किंवा त्याहून मोठे टायर आणि लॉक केलेलं डिफरन्शियल (म्हणजे दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला लावणारं) असेल तर नुसत्या बॉक्सवर अवलंबून राहू नका, हायड्रॉलिक रॅम, म्हणजे ऑइलच्या दाबाने चाकं वळवायला मदत करणारा सिलिंडर, लावा. ५० मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) रॅमला ८० बार दाब मिळाला तर सुमारे १,६०० किलो जोर येतो. रॉडच्या बाजूने, रॉड २५ मिलिमीटरचा असेल, तर सुमारे १,२००. म्हणजे दोन्हीकडे जोर सारखा नसतो, पण बॉक्सचा भार इतका उतरतो की हा फरक चालतो.

रॅमसाठी बॉक्सला दोन भोकं पाडून आटे घ्यावे लागतात. त्यासाठी बॉक्स पूर्ण उघडा. एक बारीक कीस आत राहिला तरी व्हॉल्व्ह आणि पंप दोन्ही जातात. हे काम आधी केलेलं नसेल तर आटे पाडलेला तयार बॉक्स घेणं शहाणपणाचं. पॉवर स्टिअरिंगचा पंपही जास्त प्रवाहाचा लागतो. परतीच्या, म्हणजे कमी दाबाच्या पाइपवर कूलर आणि फिल्टर बसवा.

चाक पूर्ण वळलं की नकलवरचा स्टॉप सगळ्यांत आधी टेकला पाहिजे. रॅमचा स्ट्रोक संपण्याआधी आणि बॉक्स आतून अडण्याआधी. हे नीट नसेल तर प्रत्येक पूर्ण वळणाला रॅम आणि बॉक्स एकमेकांना फोडायला बघतात.

जोडणी आणि हवा काढणं

स्टिअरिंग शाफ्टला रबरी कपलिंगऐवजी युनिव्हर्सल जॉइंट लावा. एका जॉइंटला ३५ अंशांपेक्षा जास्त कोन देऊ नका, तीन जॉइंट लागले तर मधल्या शाफ्टला बेअरिंगचा आधार हवाच. अपघातात दबणारा मूळ भाग कापून टाकू नका.

ऑइल भरल्यावर इंजिन लगेच सुरू करू नका. पुढची चाकं उचलून स्टँडवर ठेवा आणि स्टिअरिंग हळूहळू टोकापासून टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा, टाकीत बघत बघत ऑइल भरत राहा. बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू करा आणि पुन्हा तेच करा. ऑइल दुधाळ दिसलं तर अजून हवा आहे. बंद करून तासभर थांबा.

शेवटी सेक्टरचा प्ले, म्हणजे ढिलेपणा. झाकणावरचा स्क्रू फिरवून तो कमी होतो, पण बॉक्स बरोबर मध्यावर असतानाच. टोकापासून टोकापर्यंत स्टिअरिंगचे फेरे मोजा, निम्मे मागे या, तिथेच लावा. जास्त आवळलात तर वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, आणि रस्त्यावर ते प्लेपेक्षा वाईट.

पहिल्या खडतर फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा आणि वेल्डच्या कडांवर टॉर्च मारून तीच तांबूस रेघ शोधा.