तैलचित्रांचं एकल प्रदर्शन: भिंतीपासून उलट मोजत करायची तयारी

मुंबईच्या जहांगीर कलादालनात प्रदर्शन साधारणपणे मंगळवारी सुरू होतं आणि पुढच्या सोमवारी संपतं. तारीख मिळते तीसुद्धा बरीच आधी अर्ज केल्यावर. हातात इतका वेळ असतानाही शेवटच्या आठवड्यात धांदल उडते, कारण तयारीचा हिशोब चित्रं रंगवण्यापासून धरला जातो. तैलरंगात हा हिशोब वाळण्यापासून धरावा लागतो. उद्घाटनाची तारीख कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर लिहा आणि तिथून मागे या.

जानेवारीत प्रदर्शन आहे असं धरू. मध्यम जाडीच्या थरांवर शेवटचा ब्रश ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत फिरलेला असावा. नाइफने (रंग लावायच्या बोथट सुरीने) लावलेले जाड थर असतील तर जुलैच्या पुढे त्यांना हात लावू नये. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. म्हणून हवा खेळती आणि उजेड भरपूर हवा. अंधाऱ्या कपाटात ठेवलेलं चित्र हळू वाळतं आणि पिवळटही पडतं. अंबर हा तपकिरी रंग दोन-तीन दिवसांत हाताला कोरडा लागतो, पण टायटॅनियम व्हाइट, आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरिन क्रिमसन फार वेळ घेतात. पांढऱ्याचे जाड फटकारे असलेलं चित्र म्हणून आधी संपवायचं आणि अंबरच्या पातळ थरांचं नंतर. अंगठ्याचं नख सर्वांत जाड जागी, कडेजवळ, हलकेच दाबून पाहा. खूण उमटली तर आतला रंग अजून मऊ आहे.

पावसाळ्यात दमट हवेमुळे सगळंच रेंगाळतं. जून ते सप्टेंबर या काळात खालचे थर ॲक्रेलिकमध्ये किंवा टर्पेंटाइनने पातळ केलेल्या अंबरमध्ये उरकून घ्या. ॲक्रेलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रेलिक कधीच नाही. ते पुढे सुटून येतं. प्रत्येक वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल थोडं जास्त असावं. उलट झालं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात. या दिवसांत कॅनव्हास बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. मागे चार इंच जागा आणि खाली लाकडी पट्ट्या हव्यात, नाहीतर पाठीवर बुरशी धरते.

किती चित्रं लागतील, हे भिंतच सांगते. दारं आणि कोपरे वगळून साठ फूट भिंत उरली, चित्राची सरासरी रुंदी तीन फूट आणि मधली मोकळी जागा दीड फूट धरली, तर तेरा चित्रं बसतात. दोन जास्तीची ठेवा, त्यापुढे नको. दाटीवाटीने लावलेल्या भिंतीवर चांगलं चित्रही मरतं. आलेख कागदावर एक फुटाला एक इंच या मापाने भिंत काढा, चित्रांचे त्याच मापाचे तुकडे कापा आणि महिनाभर ते हलवत राहा.

रोजचा दिवसही वाळण्याच्या गतीवरच बेतायचा. एका वेळी चार-पाच कॅनव्हास चालू ठेवले की एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम होतं. रंगसंगतीचे निर्णय सकाळच्या उजेडात घ्या. दुपार मेहनतीच्या कामांना द्या: कॅनव्हास ताणणं, गेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात, मधे 220 नंबरचा पॉलिश पेपर, कडा रंगवणं. शेवटच्या हातानंतर तीन दिवस थांबून मगच तैलरंग लावा. संध्याकाळी यादी, किमती, निमंत्रणाचा मजकूर. आठवड्यातून एकदा चित्र पिवळ्या दिव्याखाली बघायलाच हवं. दालनातला प्रकाश स्टुडिओतल्या उजेडापेक्षा पिवळा असू शकतो आणि त्यात निळे रंग मलूल दिसतात.

वाळल्यावर काही भाग मॅट, काही चकचकीत दिसतो, कारण खालच्या थराने तेल शोषलेलं असतं. त्यावर शेवटचं वॉर्निश ओतायचा मोह टाळा. त्याला सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं. प्रदर्शनापुरता रिटच वॉर्निशचा, म्हणजे तात्पुरत्या हलक्या वॉर्निशचा, पातळ हात पुरतो, तोही चित्र हाताला पूर्ण कोरडं लागल्यावरच.

फ्रेम करण्याआधी फोटो काढून घ्या. दोन्ही बाजूंनी 45 अंशांत सारखे दिवे, कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्यासमोर आणि चित्राला समांतर. आठ इंच रुंद छापायचं असेल तर किमान 2400 पिक्सेल लागतात. फ्रेमवाल्याला माप देताना स्ट्रेचरवर (कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटीवर) लिहिलेलं देऊ नका, प्रत्यक्ष मोजा. ताणल्यावर 36 इंचाचा कॅनव्हास दोन-तीन मिलिमीटर जास्त भरतो आणि चित्राभोवती पाव इंच फट ठेवलेली फ्रेम (फ्लोटर फ्रेम) एका बाजूला दाटते. कॅनव्हास सैल पडला असेल तर कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या हाताने ठोका. पाचर निसटून कॅनव्हास आणि पट्टीच्या मध्ये अडकली की पुढून फुगवटा दिसतो, म्हणून ती मागून टेपने धरून ठेवा.

वाहतुकीत सर्वांत जास्त नुकसान बबल रॅप करतो. फुगे रंगाकडे ठेवले की उन्हात तापलेल्या टेम्पोत त्यांचे गोल ठसे उमटतात. पूर्ण वाळलेल्या चित्रावर आधी बटर पेपर, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. रंग जरा जरी ओला असेल तर पृष्ठभागाला काहीच टेकू देऊ नका. कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे जाड ठोकळे लावून वरून पुठ्ठा बांधा. टेम्पोत चित्रं उभी ठेवायची, आडवी रचायची नाहीत. प्रत्येक गठ्ठ्यावर भिंतीच्या आराखड्यातला क्रमांक हवा.

टांगायला वेळ कमी मिळतो, म्हणून खिळ्याची उंची घरीच काढून ठेवा. चित्रांचे मध्य जमिनीपासून 58 इंचांवर एका रेषेत येऊ देत. चित्र 48 इंच उंच आहे आणि ताणल्यावर तार वरच्या कडेपासून चार इंच खाली राहते, असं समजा. 58 अधिक 24 वजा 4, म्हणजे हूक 78 इंचांवर. मोठ्या चित्राला दोन हूक द्या, ते वाकडं होत नाही. मात्र तार मोजताना ती दोन बोटांनी, हूक येतील त्याच जागी ओढायची. तार अडकवायच्या कड्या (डी-रिंग) वरून पाव उंचीवर लावा. त्यांचा स्क्रू पट्टीच्या जाडीपेक्षा आखूड हवा, नाहीतर टोक कॅनव्हासमधून बाहेर येतं.

किमतीला क्षेत्रफळाचा दर लावला की मोठी चित्रं आवाक्याबाहेर जातात. उंची अधिक रुंदी हा हिशोब बरा. 24 बाय 36 म्हणजे 60 इंच. इंचाला 800 रुपये दराने 48,000. त्याच दराने 48 बाय 60 चं चित्र 86,400 ला जातं. पहिल्या चित्राची किंमत तीच ठेवून क्षेत्रफळाने तेच 1,60,000 झालं असतं. दर स्टुडिओत आणि दालनात एकच ठेवा.

पावतीवर शीर्षक, माध्यम, माप, वर्ष लिहा आणि कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, हेही लिहा. तयार चित्र विकलं तरी तो हक्क आपोआप जात नाही, पण ग्राहकाने पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्राचा नियम वेगळा आहे. तिथे लेखी करार आधी करा. चित्राच्या पाठीमागे शेवटच्या थराची तारीख नोंदवा. ग्राहकाला सांगा की वर्षभराने चित्र वॉर्निशसाठी परत मागवलं जाईल, आणि तोवर त्यावर ओलं फडकं फिरवू नये.