युरोपियम नॅनोकणांनी रक्तातील ट्रोपोनिन कसे मोजावे

हृदयस्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे ट्रोपोनिन हे प्रथिन मोजण्यासाठी युरोपियम या धातूचे पॉलिस्टायरिन नॅनोकण सोयीचे पडतात. सुमारे ३४० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाने ते उद्दीपित होतात आणि ६१५ नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकतात. ही चमक शेकडो मायक्रोसेकंद टिकते, तर सीरमची (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाची) स्वतःची चमक काही नॅनोसेकंदांतच विझते. म्हणून मोजणीयंत्रात प्रकाशाच्या स्पंदानंतर थोडा विलंब ठेवावा.

प्रथम कणांवरील कार्बॉक्सिल गट ईडीसी या जोडणी घडवणाऱ्या रसायनाने सक्रिय करून त्यांना ट्रोपोनिनला पकडणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी) जोडावे. येथे ट्रिस बफर (आम्लता स्थिर राखणारे एक द्रावण) वापरू नये, कारण त्यातील अमाइन गट प्रतिपिंडाची जागा अडवतात. गोव्यात जुलैमध्ये फ्रीजमधून काढलेली ईडीसीची बाटली लगेच उघडली, की तिच्यावर दव धरते, पावडरीच्या गुठळ्या होतात आणि जोडणी फसते. पणजीत माझा एक आख्खा दिवस असाच वाया गेला. तेव्हापासून बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय मी झाकणाला हात लावत नाही. जोडणीनंतर उरलेली जागा बीएसएने (गाईच्या सीरममधील अल्ब्युमिन या प्रथिनाने) झाकावी व कण एकमेकांना चिकटले असल्यास अल्पकाळ सोनिकेशन करावे, म्हणजे ध्वनिलहरींनी ते सुटे करावेत.

पुढे ट्रोपोनिनला पकडणारे दुसरे प्रतिपिंड बसवलेल्या प्लेटवर सीरम घालावे, धुवावे, कण घालावेत आणि पुन्हा नीट धुवावे. प्रमाणवक्र (ज्ञात प्रमाणांवरून काढलेला तुलनेचा आलेख) बफरमध्ये नव्हे, तर ट्रोपोनिनरहित सीरममध्ये काढावा. सीरम व कण एकत्रच घातल्यास ट्रोपोनिन फार असूनही वाचन फसवे, कमी येऊ शकते. शंका आल्यास नमुना दहापट विरल करून पुन्हा मोजावा.